दुखण्याची टोपली

॥ श्री ॥

घरून, रविवार, दि. ४ जानेवारी २०२६

चि. भूपेश यास अन्नपूर्णा वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल काल मिळालं. आत निघालं ते असं: निळा स्वेटर एक, आचलला ढोपरापर्यंत येतो. बुटांची जोडी एक, बरोबर बसली. रंगपेटी एक, बारा कांड्यांची, त्यातली हिरवी मोडलेली. खारीक अर्धा किलो. पाचशेच्या नोटा चार, स्वेटरच्या बाहीत खुपसलेल्या. वर तिकिटं अठ्ठ्याण्णव रुपयांची. नोटा अशा पार्सलात घालत जाऊ नकोस, कोणाच्याही हाती लागतील. चिठ्ठी नव्हती. मी बुटांच्या आतसुद्धा हात घालून पाहिला.

आचल विचारत होती, "मोठी माय, बाबाले माह्या पायाचं माप कसं मालूम?" मी म्हटलं, बापाला कळतं. खरं म्हणजे तुझ्यासोबत कामाला असलेला विक्की मागे बल्लारपूरहून आला होता तेव्हा मीच तिचा पाय कागदावर ठेवून भोवती रेघ ओढून त्याच्याजवळ दिला होता. तो कागद असेल तर जपून ठेव. पुढच्या वर्षी दुसरा पाठवीन.

तिचा समोरचा दात पडला. मी म्हटलं, उंदराच्या बिळात टाक. ती तलावाच्या पाळीवर गेली आणि पाण्यात टाकून आली. म्हणाली, "उंदराले कायले? आईले दाखवलो." पोरासारखी बोलते, तू गेल्यापासून. मी सुधारत नाही.

फोन तू घेत नाहीस. रीताची तेरवी करून गेलास त्याला सोळा महिने होत आले. म्हणून पत्र लिहायला बसले. या घरात सून होऊन आले तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास, तुझी पाटी मीच पुसून द्यायची, तेव्हा तुला लिहायला मला लाज कसली.

पत्रूबद्दल काही सांगायचं नाही असं तू विक्कीजवळ बजावलंस, म्हणून लिहीत नाही. एवढंच लिहिते की तुमचा दोघांचा डोंगा पाळीवर उलटा पडून आहे. तो एकटा चालवत नाही. दुसऱ्याच्या डोंग्यात मजुरीने बसतो.

आणि एक. विक्की सांगत होता, तिकडे तू ज्याला त्याला सांगतोस की माझ्या वहिनीने देवाची समई उचलून गाडीवाल्याच्या हातात ठेवली. असं सांगत जाऊ नकोस. समई नंतर सोडवून आणली. कोपऱ्यात आहे. मी ती लावत नाही.

जाळ्याला वजनासाठी बांधायच्या मातीच्या नव्या गोळ्या वळल्या, दोनशे दहा. आचलने तुळशीच्या काडीने त्यांच्यावर रेघा ओढल्या, माझ्यासारख्याच. चुलीत भाजून निघाल्या, बारा फुटल्या.

तुझे भाऊ बरे आहेत. खोकला आहे.

तुझी वहिनी
अन्नपूर्णा

॥ श्री ॥

घरून, मंगळवार, दि. २७ जानेवारी २०२६

चि. भूपेश यास आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. पोस्टमन म्हणाला, "बाई, रोज काऊन इचारता, आलं तं मी धावत आणीन."

गावात वडशाच्या कॉलेजातली एक पोरगी आली होती, फरहा. तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान आहे, रीताच्या लग्नाचा बस्ता आपण तिथूनच घेतला होता. घरोघर जाऊन लोकांचं मत लिहून घेत होती. आजारपणाच्या खर्चाची जबाबदारी कोणाची? सरकारची, माणसाची स्वतःची, की हप्ता भरून विमा कंपनीची? एका चौकोनात खूण करायची.

आमच्या ओसरीवर आठ-दहा जणी जमल्या. आशाबाई म्हणाली, "सरकारचीच! आमी काडीपेटी घेतो त्याच्यावरई टॅक्स देतो. मंग आमच्या दुखण्याले सरकार नाई तं कोन?" गुणवंतराव मच्छीमार सोसायटीच्या कामाने आले होते, ते म्हणाले, "सरकार देते बाप्पा, नाई कोन म्हंते? पन देते दवाखान्याच्या दारात. दारापर्यंत जाऊन तं दाखव." आशाबाई म्हणाली, "तुमी अध्यक्ष झाले तवापासून दोन्हीकडून बोलता." सगळ्या हसल्या.

मी फरहाला विचारलं, यात गावाचा चौकोन कुठे आहे? ती कागद उलटून पाहते आणि म्हणते, "गावाचा नाही हो काकू. तिघांपैकीच." मग तिला टोपलीचं सांगावं लागलं. तुला सगळं ठाऊक आहे. तरी जसं तिला सांगितलं तसं लिहिते, कारण सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं.

सांगितलं की आमच्या तलावावर जाळं टाकायच्या दिवशी पहिली भरलेली टोपली वाटणीत घ्यायची नाही. पाळीवरच्या देवीसमोर ठेवायची, हळद वाहायची. ती विकून येईल तो पैसा पत्र्याच्या डब्यात. तिला दुखण्याची टोपली म्हणतात, माझ्या आजेसासऱ्यांच्या आधीपासून. घरं एक्केचाळीस. कोणाकडे दुखणं आलं की डबा उघडायचा. कारण विचारायचं नाही, परत मागायचं नाही. डबा आमच्या घरी आणि वही माझ्याकडे, कारण सुनांमध्ये मॅट्रिक मीच.

मग सरकारचं दवाखान्यासाठी पाच लाखांचं कार्ड आलं. तुझ्या कुरखेड्याच्या बहिणीचं हृदयाचं ऑपरेशन त्या कार्डावर झालं, एक रुपया लागला नाही. तिला चालत घरी येताना मी या डोळ्यांनी पाहिलं. मग लोक म्हणू लागले, आता टोपली कशाला? डब्यातले पैसे वाटून घ्या. जून महिन्यात, चोवीस साली, सोसायटीची सभा झाली. फरहाला आमचं मतदान फार आवडलं. घराला एक मत. टोपली ठेवायची असेल त्याने जाळ्याचं भेंड मडक्यात टाकायचं, मोडायची असेल त्याने मातीची गोळी. तलावात भेंड तरंगतं, गोळी बुडते. मडक्याच्या तळाशी भाताचं तणस, म्हणजे गोळी पडली तरी आवाज नाही. वरून फडकं. मोजायला पत्रू आणि गुणवंतराव बसले होते.

भेंडं वीस निघाली, गोळ्या एकवीस.

"म्हणजे एका मताने?" फरहा म्हणाली. "कोणाच्या?"

मी चहा ठेवायला उठले.

चहा घेऊन आले तर आशाबाई तिला सांगत होती, "कोनाच्या म्हंजे? पत्रूच्या. सभेत तोच पयले ओरडला होता, कार्ड आलं तं टोपली कायले म्हनून. याच घरची सून गेली ना मंग, रीता. तेरवीच्या दिवशी तिच्या नवऱ्यानं सगळ्याईसमोर म्हनलं, पत्रू, तुह्या एका गोळीनं माही बायको नेली."

फरहाने माझ्याकडे पाहिलं. मी बिस्किटाची बशी पुढे केली.

माझी खूण शेवटपर्यंत झाली नाही. ती म्हणाली, "काकू, एक तर करा." मी म्हटलं, बाई, सरकारने द्यावं. द्यायलाच पाहिजे, त्याने दिलं म्हणून माझी नणंद जिवंत आहे. पण सरकारने दिलं म्हणून आम्ही हात धुऊन मोकळे झालो, ते कोणत्या चौकोनात बसवतेस? तिने पेन मिटलं. पोरगी चांगली आहे, डोळे पाणावले होते तिचे. माझं घर तेवढं तिच्या कागदावर कोरं राहिलं.

आचलला खोकला होता, उतरला. अडुळशाचा काढा दिला.

तुझी वहिनी
अन्नपूर्णा

॥ श्री ॥

घरून, मंगळवार, दि. १७ फेब्रुवारी २०२६

चि. भूपेश यास आशीर्वाद.

महाशिवरात्रीला मार्कंड्याला गेले होते, आचलला घेऊन. गर्दीत तिने माझा पदर मुठीत धरून ठेवला होता, घरी आल्यावरही सोडत नव्हती. प्रसाद सोबत पाठवते. देवापुढे उभी राहिले, पण मागता काही आलं नाही.

काल सोसायटीची बैठक झाली. पत्रू उठून म्हणाला, "टोपली परत सुरू करू. पाडव्याले सभा घ्या." मग मागून कोणीतरी म्हणालं, "ज्यानं मोडली त्यालेच आता मया आली!" दुसरा म्हणाला, "भूपेशची बायको खाऊन पोट नाई भरलं का गा?" पत्रू तसाच उभा होता, हातात टोपी. म्हणाला, "मले काईबी म्हना. टोपली सुरू करा." गुणवंतरावांनी पाडव्याचा दिवस लिहून घेतला.

मी बायकांमध्ये बसले होते. माझ्या मांडीवर वही होती.

विक्कीने तुझा निरोप दिला. तू पाडव्यालाही येणार नाहीस, पत्रूचं तोंड पाहायचं नाही म्हणून. आणि आचलला कायमची माझ्याजवळच राहू द्यायची, शाळेत पालक म्हणून माझंच नाव लावायचं. विक्कीने तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले: "वहिनीएवढं भरोशाचं मानूस माह्या जगात दुसरं नाई."

या घरात मोठी माय म्हणणारं ते एकच लेकरू आहे, भूपेश. तू मला ते देऊन टाकलंस. मी तो निरोप ऐकून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

आज जास्त लिहीत नाही.

अन्नपूर्णा

॥ श्री ॥

घरून, सोमवार, दि. २३ फेब्रुवारी २०२६

भूपेश,

वर आशीर्वाद लिहिला नाही. पत्र पुरं वाचल्यावर तुला तो हवासा वाटला तर तो आहेच.

ती गोळी मी टाकली.

सभेच्या दिवशी तुझे भाऊ कुरखेड्याला बहिणीला पाहायला गेले होते. जाताना बसस्टँडवर मला म्हणाले, "आपलं भेंड टाकजो." मी हो म्हटलं. भेंड आणि गोळी दोन्ही पदरात बांधून नेली होती. रांगेत तू माझ्या पुढे होतास, तू भेंडच टाकलंस, ते तुझ्या पाठीवरूनच मला कळलं. मग मी फडक्याखाली हात घातला आणि गोळी सोडली. गावातल्या वीस घरांनी आपापल्या मनाची गोळी टाकली, त्यात काही पाप नाही. मी माझ्या घराचा शब्द मोडून टाकली. आमचं भेंड पडलं असतं तर वीस गोळ्या आणि एकवीस भेंडं झाली असती, आणि डबा राहिला असता.

का टाकली ते लिहिते, मागे ठेवत नाही. नणंदेला चालताना पाहिलं होतं. कार्ड मी देव्हाऱ्यात ठेवलं होतं, रोज त्याला हळदकुंकू लावत होते. वाटलं, एवढं मोठं सरकार पाठीशी उभं राहिलं, आता मासोळीच्या पैशाला कोण विचारतो. हे खरं आहे, पण अर्धंच. दुसरं अर्धं असं की डब्यात एक लाख त्रेचाळीस हजार पाचशे होते. वही माझ्याकडे, भागाकार मी आधीच करून पाहिला होता. घरामागे साडेतीन हजार. वडशाच्या दुकानात एक समई मी तीन वर्षं येता-जाता पाहत होते, पितळी, पाच वातींची, तिची किंमत साडेतीन हजार. देवासाठी आहे, म्हणून त्याला मी लोभ म्हटलं नाही.

तुझे भाऊ परत आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, भेंड टाकलं.

त्या भाद्रपदातल्या दुपारी तू धावत आलास. रीताला तीन दिवसांचा ताप, आणि ती आता माणूस ओळखत नव्हती. तू दारातून ओरडलास, "वहिनी, डबा!" तुझ्या तोंडातून सवयीने आलं. मग तुझं तुलाच आठवलं आणि तू तिथेच उंबऱ्यावर खाली बसलास. सरकारची गाडी दुसरीकडे गेली होती, दोन तास लागतील म्हणत होते. जीपवाला चार हजार आधी मागत होता. घरोघर पैसे मागण्यात तास गेला, मग मी समई उचलली आणि त्याच्या हातात दिली. तेव्हा तू माझ्या पाया पडलास. भूपेश, ती समई डब्याच्या पैशाची होती. डबा भरलेला असता तर जीप तासभर आधी निघाली असती. पहिल्या दवाखान्यात कार्ड चालत नव्हतं, तिथे वीस हजार भरा म्हणाले. पूर्वी आपण भरले असते. जिथे कार्ड चालत होतं तो दवाखाना आणखी सत्तर किलोमीटर दूर होता. रीता माझ्या मांडीवर होती. तिच्या हातात कार्ड होतं, मीच दिलं होतं, सांभाळून धर म्हणून. कार्ड खोटं नव्हतं. ते तिथे पोचल्यावर चाललं असतं.

तेरवीला तू पत्रूला बोललास तेव्हा मी पंगतीत भात वाढत होते. मी वाढत राहिले.

आता तुझ्या भावाला सांगितलं. काल दुपारी ते ओसरीवर जाळं सांधत बसले होते. ऐकून त्यांच्या हातातली सुई थांबली.

"मी तं भेंड टाक म्हनलो होतो ना?"

"हो."

"मंग काऊन?"

मी समईकडे पाहिलं. त्यांनी जाळं गुंडाळलं, उठले. दाराशी जाऊन म्हणाले, "पयले पत्रूच्या घरी जा. भूपेशले मंग लिव." माझ्या हातचं जेवतात, पण ताटावरून नजर वर करत नाहीत.

मी पत्रूकडे गेले. तो अंगणात डोंग्याचं वल्हं तासत होता. मी उभ्यानेच सांगून टाकलं. तो वल्हं बाजूला ठेवून म्हणाला, "मले मालूम होतं जी, वहिनी."

"कसं?"

तो आत गेला आणि कोनाड्यातून एक गोळी घेऊन आला. माझ्या तळहातावर ठेवली. तिच्यावर उभी रेघ, तुळशीच्या काडीची. गावात एक्केचाळीस घरी गोळ्या वळतात, पण ओल्या गोळीला देवाच्या गंधासारखी रेघ मीच ओढते. इतकी वर्षं ओढते की गोळी टाकताना ती मला दिसलीसुद्धा नाही. मडकं पालथं केलं तेव्हा पत्रूला दिसली. मोजणी झाल्यावर त्याने ती खिशात घातली.

"मी तं भेंड टाकलो होतो," तो म्हणाला. "सभेत बोंब मारलो तो मज्याक होता. मडक्यात हात घातलो आन् बाप आठवला. माहा बाप सहा महिने या डब्यावर जगला."

मी म्हटलं, मग भूपेश बोलला तेव्हा गोळी का नाही दाखवलीस?

"अन् आचल?" तो म्हणाला. "तवा दाखवलो असतो तं त्यानं त्याच पायी लेकरू उचलून नेलं असतं. बायको गेलेला मानूस, कामाच्या जागी पाच वर्साची पोरगी. कोन पाहिलं असतं तिच्याकडं? माह्यावर राग धरला तं धरू द्या म्हनलो. मले का, मी मजुरीनं बसीन."

त्याची बायको पाणी घेऊन आली होती. मी पेला तसाच तिच्या हातात परत दिला.

भूपेश, तुझा मित्र तू गमावला नाहीस, एवढं तरी या पत्राने व्हावं. आज गुणवंतरावांना मी सांगून आले. पाडव्याला मडकं नको, तणस नको, फडकं नको. ज्याने त्याने उघड हात वर करायचा, आणि त्याआधी मी उभी राहून सगळ्यांसमोर बोलणार. वही आशाबाईच्या सुनेकडे देणार, ती बारावी आहे. समई विकायला काढली आहे. येईल ते पैसे डब्यात पहिले पडतील, टोपली सुरू होवो न होवो.

तुझ्या घराचं एक मत आहे. ते तू येऊन दे, किंवा पत्रूच्या नावे लिहून पाठव. माझ्या नावे पाठवू नकोस.

राहिली आचल. तिला मी काही सांगितलेलं नाही. आत्ता माझ्या बाजूला बसून तुझ्या रंगपेटीने तलाव काढते आहे. मोडकी हिरवी कांडी तिने दोऱ्याने बांधली. तू तिला न्यायला येणार असशील तर मी आडवी येणार नाही. फक्त दिवस कळव, म्हणजे तिचे कपडे धुऊन ठेवता येतील. स्वेटर अजून मोठा होतो, तो दोन वर्षं चालेल. अंधारात तिला एकटीला झोप येत नाही, कोणाचा तरी पदर मुठीत लागतो. तुझ्याजवळ पदर नाही, तर रीताची पिवळी साडी माझ्या पेटीत आहे, ती सोबत देईन. न्यायची नसेल तर तेही लिही. पण आता सगळं ठाऊक झाल्यावर लिही.

गोळी कापसात गुंडाळून या पाकिटात घातली आहे. ती तुझी आहे, तिचं काय करायचं ते तू ठरव. दुसरं एक पाकीट आत आहे, तिकीट लावलेलं, त्यावर आपला पत्ता मी लिहून ठेवला आहे. तुला फक्त कागद घालायचा आहे. शिवी असली तरी चालेल, एकच शब्द असला तरी चालेल. पोस्टमन दुपारी बाराला येतो, मी ओसरीवरच असते. उलट टपाली पाठव.

अन्नपूर्णा